साइनबोर्डवाले ते सायरनवाले : शिकागोच्या एका कंपनीची सव्वाशे वर्षं

वाऱ्याच्या_गावचा | ६ मे २०२५, रात्री ९:४० (भाप्रवे)

आज सकाळी दहाला आमच्याकडे एक पोळी करपली. आई गेल्याच आठवड्यात दादरहून इकडे, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात, आली आहे. कालपासून मराठी चॅनेलांवर एकच विषय : बुधवारी मॉक ड्रिल, सायरन, ब्लॅकआउट. आणि आज नेमका महिन्याचा पहिला मंगळवार. इलिनॉयमध्ये पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावोगावचे भोंगे तपासणीसाठी वाजवतात. हे आईला सांगायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

भोंगा सुरू झाल्याबरोबर तिने शेगडीचं बटण फिरवलं, ओट्याला हात टेकून उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली. शेगडी विजेची, बंद केली तरी तवा तापलेलाच, पोळी गेली. मी धावत खाली आलो तर म्हणते, "थांब जरा. वरखाली होत नाहीये. सरळ आहे. म्हणजे गेलं विमान."

१९७१ साली ती बारा वर्षांची होती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, दिव्यावर खोका, आणि भोंगा चढ-उतार करत वाजला की जिन्याखाली. सरळ एका सुरात वाजला की 'ऑल क्लिअर', बाहेर यायचं. चोपन्न वर्षांनीही ते कानात पक्कं आहे.

गंमत अशी की इथे बरोबर उलटं. अमेरिकेत तीन ते पाच मिनिटं सरळ वाजणारा भोंगा म्हणजेच 'लक्ष द्या', व्यवहारात म्हणजे चक्रीवादळ येतंय, तळघरात पळा. चढ-उताराचा भोंगा हल्ल्यासाठी राखून ठेवलेला. म्हणजे खरंच टॉर्नेडो आला असता तर आई निवांत बाहेर अंगणात गेली असती!

तर संध्याकाळी तिला खांबावरचा तो भोंगा दाखवायचाय, म्हणून त्याच्या कंपनीबद्दल जे वाचून ठेवलं होतं ते उकरून काढलं. कंपनीचं नाव फेडरल सिग्नल. मुख्य कचेरी आमच्यापासून जवळच, डाउनर्स ग्रोव्हला. त्याआधी बरीच वर्षं ओक ब्रुकला होती.

सुरुवात १९०१, शिकागो. जॉन आणि जेम्स गिलख्रिस्ट हे दोघे भाऊ आणि त्यांचा भागीदार जॉन गोएस्ट. कंपनीचं नाव 'फेडरल इलेक्ट्रिक', आणि धंदा दुकानांच्या पाट्यांचा. विजेचे दिवे लावलेल्या, रात्री झगमगणाऱ्या पाट्या. लोकांना बोलावून घेण्याचा धंदा होता तो, पळवून लावण्याचा नव्हे.

१९१५ च्या सुमाराला त्यांनी विजेच्या मोटरवर चालणारे यांत्रिक सायरन बनवायला घेतले. याच काळात कंपनी कॉमनवेल्थ एडिसन या शिकागोच्या वीज कंपनीच्या, म्हणजे सॅम्युअल इन्सलच्या ताब्यात गेली. हा इन्सल म्हणजे एक स्वतंत्र धागा होईल. लंडनचा पोरगा, १८८१ मध्ये खुद्द एडिसनचा खासगी चिटणीस म्हणून अमेरिकेत आला आणि पुढे शिकागोची वीज त्याच्या मुठीत आली. वीज साठवून ठेवता येत नाही, तेव्हा चोवीस तास कोणीतरी ती जाळत राहिलं पाहिजे, हे त्याला पक्कं कळलं होतं. दुकान बंद झाल्यावरही रात्रभर जळणारी पाटी विकणारी कंपनी अशा माणसाला का हवी असेल, हे वेगळं सांगायला नको. पाटी एकदाच विकायची, वीज रोज.

१९३२ मध्ये इन्सलचा पत्त्यांचा बंगला कोसळला. कंपनीवर कंपनी, तिच्यावर आणखी एक कंपनी असा तो मनोरा, आणि पैसे सामान्य भागधारकांचे. साहेब ग्रीसला पळाले.

फेडरल मात्र तगली. १९५५ मध्ये नाव झालं 'फेडरल साइन अँड सिग्नल कॉर्पोरेशन'. पाटी पहिली, भोंगा दुसरा. सत्तरच्या दशकात मधलं 'साइन' गळून पडलं. २००३ मध्ये तर पाट्यांचा विभागच विकून टाकला. ज्या धंद्यातून कंपनी जन्मली तोच राहिला नाही.

मधल्या काळातली खरी मजा थंडरबोल्टची. ती जेवण झाल्यावर लिहितो, आई हाक मारतेय.

---

गिरणगावकर | रात्री १०:०५

लेख झकास. पण एक दुरुस्ती. 'भोंगा' आणि 'सायरन' एकच नाहीत हो. आमच्या लालबाग-परळला गिरणीचा भोंगा म्हणजे बॉयलरच्या वाफेवरची शिट्टी. माझे वडील पहिल्या पाळीला. भोंगा झाला की आई त्यांचा डबा भरायची, त्यावर आमचं घड्याळ चालायचं. घरात दुसरं घड्याळ होतं पण ते कायम दहा मिनिटं मागे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर सकाळी सकाळी जी शांतता असायची तिची सवय व्हायला वडिलांना वर्षं लागली.

उद्याच्या ड्रिलची आमच्या सोसायटीत नोटीस लागलीय. वॉचमनला शिट्टी दिली आहे, इतकीच तयारी.

---

चावडीवरचा | रात्री १०:१८

साहेब, शेअर घेऊन ठेवलेत काय? टिकरसकट येऊ द्या. 😀 ह.घ्या.

---

वाऱ्याच्या_गावचा | रात्री ११:०२

@गिरणगावकर, मान्य. वाफेची शिट्टी वेगळी, सायरन वेगळा. पण नगरपालिकेच्या छपरावरच्या मोटरवाल्यालाही आपण भोंगाच म्हणतो, म्हणून मी सरसकट वापरला.

@चावडीवरचा, टिकर एफएसएस, न्यूयॉर्कच्या बाजारात १९६९ पासून. शेअर नाही, आणि कोणाला घ्या असंही म्हणत नाही. पण तुम्ही चेष्टेत मुद्द्याचं बोललात. आता पुढचं.

२९ ऑगस्ट १९४९. रशियाने पहिला अणुबॉम्ब फोडला. पुढच्या वर्षाच्या शेवटी ट्रूमनने नागरी संरक्षणाचं खातं उभं केलं, आणि शहरांनी भोंगे घ्यावेत म्हणून अर्धा खर्च वॉशिंग्टनकडून मिळायला लागला. भोंगेवाल्यांसाठी ही सुगी. फेडरलने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला थंडरबोल्ट काढला. साध्या सायरनमध्ये फिरणारी चकतीच हवा ओढते आणि कापते. थंडरबोल्टमध्ये खाली खांबाच्या पायथ्याशी वेगळा ब्लोअर. तो दाबाची हवा नळीतून वर पाठवतो, वरची चकती ती कापते, आणि एक मोठा चौकोनी कर्णा सावकाश गोल फिरत राहतो. त्यामुळे लांबून ऐकलं की आवाज जवळ आल्यासारखा, मग दूर गेल्यासारखा. ज्यांनी ऐकलाय ते सांगतात, पोटात गोळा यायचा तो मोठेपणामुळे नाही, या फिरण्यामुळे. जवळपास चाळीस वर्षं ते मॉडेल बनत राहिलं.

बॉम्ब पडला नाही. मग भोंग्यांचं करायचं काय? तर टॉर्नेडो. ११ एप्रिल १९६५, पाम संडे, मध्य-पश्चिमेत एका दिवसात वादळांची रांग आली आणि अडीचशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर हल्ल्यासाठी घेतलेले भोंगे वादळासाठी वापरायची पद्धत पसरली.

मग २८ मार्च १९७९, थ्री माइल आयलंड. अणुभट्टीचा अपघात. पुढच्याच वर्षी नियम आला : प्रत्येक अणुवीज केंद्राभोवती दहा मैलांच्या आतल्या लोकांना पंधरा मिनिटांत इशारा पोचवण्याची सोय हवी. दहा मैल त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे तीनशेहून जास्त चौरस मैल. एका भोंग्याच्या टप्प्यात मैल-दीड मैल. करा हिशेब, एका केंद्रामागे किती खांब ते. आणि बिल वीज कंपनीच्या नावावर.

म्हणजे बघा, रशिया, वादळ, अणुभट्टी. या धंद्यात मागणी कंपनीच्या हातात नसते. दुसऱ्याच्या घरावर संकट आलं की ऑर्डर येते, आणि एकदा खांब उभा राहिला की पुढची तीस-चाळीस वर्षं तो गिऱ्हाईक परत येत नाही. अशा धंद्यावर दर तिमाहीचा ताळेबंद कसा चालवणार?

त्याचं उत्तर त्यांनी शोधलं ते असं : १९७९ मध्ये ई-वन ही आगीचे बंब बनवणारी कंपनी घेतली. १९८२ मध्ये एल्जिन, रस्ते झाडणाऱ्या गाड्यांची. नव्वदच्या दशकात व्हॅक्टर, गटारं उपसणाऱ्या गाड्यांची. ई-वन २००८ मध्ये विकून टाकली, टोलवसुलीच्या तंत्रज्ञानात शिरले आणि २०१२ मध्ये तो विभाग थ्रीएमला विकून बाहेर पडले. २०१७ मध्ये डंपरचे हौदे बनवणारी टीबीईआय घेतली. झाडू आणि गटार मात्र सोडले नाहीत. आज कमाईचा बहुतेक वाटा तिथूनच येतो. सायरनवर नाव चालतं, झाडूवर घर. कचरा रोज होतो ना.

---

तांत्रिक_मांत्रिक | रात्री ११:२६

वाचतोय. अंतराबद्दल थोडी भर घालतो.

पुस्तकी हिशेबाने अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण झाडं, घरं, वारा, जमीन हे सगळं खातं. म्हणून अमेरिकन सरकारच्या मार्गदर्शिकेत दर दुपटीला १० डेसिबल धरतात. १०० फुटांवर १२० डेसिबलचा भोंगा घ्या : २०० फुटांवर ११०, ४०० वर १००, ८०० वर ९०, १६०० वर ८०, ३२०० फुटांवर ७०. म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. त्यापुढे रहदारीत विरला.

आणि हे सगळं उघड्यावर. दारं-खिडक्या लावून एसी सुरू असेल तर घरात ऐकू येणं गृहीतच धरलेलं नाही. या यंत्राचं इंग्रजी नावच 'घराबाहेरचा' सायरन असं आहे. दर वादळानंतर "आम्हाला ऐकूच आला नाही" म्हणून ओरड होते ती बरीचशी याच गैरसमजातून.

---

सुरपेटी | रात्री ११:४१

माझं यंत्राचं ज्ञान शून्य, पण जुन्या ब्रिटिश भोंग्यांत एकाच मोटरवर दोन चकत्या असतात ना, एकीला १० खाचा, दुसरीला १२? त्यावर कोणी लिहील का? मला त्यात एक शंका आहे.

---

तांत्रिक_मांत्रिक | रात्री ११:५०

हो. युद्धकाळातल्या लीस्टरच्या जेंट्स कंपनीच्या वगैरे भोंग्यांत तेच. हिशेब सोपा : सेकंदाला किती फेरे गुणिले खाचा किती. मोटर मिनिटाला २८८० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४८. दहा खाचांचा सूर ४८० हर्ट्झ, बारा खाचांचा ५७६. मोटर मंदावली की दोन्ही एकदम उतरतात, पण त्यांच्यातलं प्रमाण तेच राहतं.

---

सुरपेटी | रात्री ११:५८

धन्यवाद! हीच शंका होती. ५७६ भागिले ४८० म्हणजे सहा-पंचमांश. अहो, हा षड्ज आणि कोमल गंधार! अगदी चोख, पेटीवरच्या कोमल ग पेक्षा किंचित चढा, तंबोऱ्यावर लावू तसा. म्हणजे लंडनवर रात्रभर सा आणि कोमल ग एकत्र वाजत होते, आणि तेही सतत मींड घेत.

उगाच नाही तो आवाज रडल्यासारखा वाटत. दुसऱ्या चकतीला बाराऐवजी साडेबारा खाचा पाडता आल्या असत्या तर शुद्ध गंधार झाला असता आणि लोक जिन्याखाली न जाता गच्चीत आले असते. 😀

---

निशिगंध | ७ मे, रात्री १२:१५

@सुरपेटी, वा! साडेबारा खाचा म्हणे.

त्या फेडरलचा बंबावरचा सायरन पण प्रसिद्ध आहे ना? न्यू जर्सीला होते तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच अग्निशमन केंद्र होतं. इलेक्ट्रॉनिक 'पीं-पीं' वेगळा, आणि एक हळूहळू घुमत चढणारा, बंब निघून गेल्यावरही उतरत राहणारा वेगळा. आमचं पिल्लू तेव्हा दोन वर्षांचं, ते हुबेहूब नक्कल करायचं.

---

वाऱ्याच्या_गावचा | रात्री १२:३३

तो क्यूटूबी. बंबाच्या तोंडावर बसवलेला क्रोमचा गोल डबा. आत खरीखुरी चकती फिरते. गाडीच्या बॅटरीतून शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो आणि दहा फुटांवर १२३ डेसिबल. चकती जड असल्यामुळे वीज तोडली तरी फिरत राहते, म्हणून ते लांबलचक उतरणं. त्याला म्हणे ब्रेकचं वेगळं बटण असतं.

पण याच सायरनांची दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षं बंबावर बसून कान गेले म्हणून हजारो अग्निशामकांनी या कंपनीवर दावे लावले. १९९९ पासून शिकागोच्या कूक काउंटीत आणि मग इतरत्र. तक्रार अशी की आवाज पुढे रस्त्यावर जायला हवा, तो मागे बसलेल्या माणसाच्या कानात का जावा. कंपनीचं म्हणणं, मोठा नसेल तर लोक बाजूला होत नाहीत आणि माणसं मरतात. काही खटले कंपनीने जिंकले, काहींत तडजोड झाली. मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं.

---

आडनावात_काय_आहे | रात्री १२:५०

थंडरबोल्ट हा क्रायस्लर मोटर कंपनीचा ना? व्ही-८ इंजिनवाला? आणि इन्सलला शेवटी तुरुंगवास झाला असं वाचल्याचं आठवतं.

---

वाऱ्याच्या_गावचा | रात्री १:०२

दोन्ही नाही. :)

क्रायस्लरचा सायरन वेगळा. १९४२ मध्ये बेल प्रयोगशाळेबरोबर पहिला काढला, आणि १९५२ मध्ये १८० अश्वशक्तीच्या हेमी व्ही-८ इंजिनचा. १०० फुटांवर १३८ डेसिबल. लहान ट्रकएवढं धूड. वीज गेली तरी चालेल म्हणून पेट्रोलवर. पण इंजिन सांभाळायचा खर्च कोण करणार? पाच-सहा वर्षांत बनवणं बंद. फेडरलची विजेवरची मोटर कमी ओरडायची, पण छपरावर ठेवून विसरता यायची. खरेदी नगरपालिका करते. जे विसरता येतं तेच ती घेते.

इन्सलला १९३४ मध्ये इस्तंबूलहून पकडून आणलं, खटले झाले आणि तो सगळ्यांतून निर्दोष सुटला. १९३८ मध्ये पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर हृदयविकाराने गेला.

---

चावडीवरचा | सकाळी ७:५५

उठून टीव्ही लावला तर वेगळंच चाललंय. रात्री एकनंतर आपण पाकिस्तानात हल्ले केलेत. आज ड्रिल होतंय की खरंच?

---

गिरणगावकर | सकाळी ८:१०

ड्रिल चार वाजताच आहे. क्रॉस मैदानावर. मुंबई, उरण, तारापूर सगळीकडे. इथे राजकारण नको, धागा चांगला चाललाय. भोंग्यांवरच राहू.

---

तांत्रिक_मांत्रिक | सकाळी ९:२०

+१. भोंग्यांवरच राहतो.

हल्लीचे बरेच भोंगे मोटरचे नसतातच. कर्णेच कर्णे एकावर एक, बॅटरी, ॲम्प्लिफायर. बोलूनही दाखवतात. फेडरलचेही आहेत, कनेटिकटच्या व्हेलनचेही. फिरणारा भाग नाही, देखभाल कमी. पण ते रेडिओच्या संकेतावर सुरू होतात, आणि तिथे नवी भानगड. ७ एप्रिल २०१७, डॅलस. रात्री पावणेबाराच्या सुमारास शहरातले सगळे १५६ भोंगे एकदम सुरू झाले आणि दीड तास थांबून थांबून वाजत राहिले. आकाश निरभ्र. कोणीतरी रेडिओवरून खोटा संकेत सोडला होता. शेवटी सगळी यंत्रणाच बंद करावी लागली.

जुन्या भोंग्याला कळ दाबायला माणूस लागायचा. तो झोपलेला असू शकतो, पण निदान कोण आहे ते माहीत असायचं.

---

कृष्णाकाठ | सकाळी ११:०५

आमच्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव कोणी ऐकलंय का? तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. विमान नाही, वादळ नाही. टीव्ही-मोबाइल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. दीड तासाने पुन्हा वाजतो. करोनानंतर पोरं पुस्तकाला हात लावेनात म्हणून गावाने ठरवलं.

बाकी आम्हा नदीकाठच्यांना भोंगा म्हणजे धरणाचं पाणी. तो मात्र कोणत्या सुरात वाजतो हे बघायला कोणी थांबत नाही. आधी जनावरं सोडायची.

---

निशिगंध | दुपारी ४:०६

ऐकू आला का कोणाला? पुण्यात आमच्या भागात काहीच नाही. प्रेशर कुकरच काय तो.

---

वाऱ्याच्या_गावचा | दुपारी ४:३८

इथे पहाटेचे सहा. आई जेटलॅगमुळे चारपासूनच उठून बसलेली, आणि रात्रीच्या बातमीनंतर तिला झोप लागणारही नव्हती. माझी मावसबहीण चर्चगेटला कामाला आहे. तिने चारला व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीबाहेर धरला. आधी नुसता वारा आणि हॉर्न. मग सुरू झाला. चढ, उतार, चढ, उतार.

आईने चहाचा कप खाली ठेवला. पूर्ण ऐकला. नंतर बहिणीला म्हणाली, "आता फोन ठेवू नकोस. सरळवाला वाजू दे आधी."

तेवढा वेळ आम्ही तिघंही काही न बोलता बसलो होतो. वाजला सरळवाला. मग कप उचलला, चहा निवला होता, तो सिंकमध्ये ओतून दुसरा टाकला.

कालचा खांब बघायचा राहूनच गेला. आज जेवणानंतर नेतो.